बोल्टवरचं कुंकू

मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. धातूतलं मात्र कळतं. आधी पिंपरीच्या कारखान्यात आणि न्यूझीलंडला आल्यावर अप्पर हट गावातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी एकच काम केलं: दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि चांगली की वाईट ते तोंडावर सांगायचं. या कामात माणसाला मित्र कमी मिळतात आणि स्वतःची मतं मात्र फार होतात. नवरा लोकांना सांगायचा, मी हिला बघायला गेलो होतो, पण पोह्यांची बशी हातात देताना हीच मला मापून घेत होती. त्यात काही खोटं नाही. माप बरोबर निघालं म्हणून तर लग्न झालं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. गोरे, उंच, मानेत थोडे वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या लिंबाच्या झाडाची एक फांदी आमच्या कुंपणावर यायची आणि त्या फांदीची लिंबं आमची, असा अलिखित करार होता. मोबदल्यात माझी आई त्यांना लोणचं द्यायची. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आली होती. तिला इंग्रजी बेताचंच यायचं आणि आजोबांना मराठी अजिबात नाही, तरी दोघं कुंपणापाशी भरपूर बोलायचे. काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही.

तरुणपणी आजोबा जिथे फिटर होते, त्या वर्कशॉपमध्ये रायफली बनत. तेव्हा परदेशी माल देशात आणायला सरकारची बंधनं होती, म्हणून रेडिओपासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत सगळं इथेच बनायचं आणि सशांवर झाडायच्या हलक्या रायफलीही इथेच बनायच्या. पुढे बंधनं उठली, अमेरिकन माल आला, वर्कशॉप बंद पडलं. आजोबांनी स्वतः जुळवलेली एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल मात्र विकत घेऊन ठेवली होती. तिच्याविषयी ते कधी धड बोलायचे नाहीत. विषय निघाला की खांदे उडवून म्हणायचे, “इथलीच बनावट आहे, दुसरं काय!” आणि समोरचा हसायच्या आधी स्वतःच हसून घ्यायचे.

हे हसू मला ओळखीचं होतं. माझे वडील टर्नर होते. त्यांनी वळवलेले भाग ज्या स्कूटरमध्ये बसत, ती स्कूटर मिळावी म्हणून अख्खी कॉलनी नंबर लावून बसलेली असे, आणि मिळाली की तीच कॉलनी तिला नावं ठेवत असे. कोणाचा तरी मामेभाऊ दुबईहून आला आणि त्याने आणलेला साधा नेलकटर दाखवला, तरी सगळे तो हातात घेऊन ‘फॉरेनचा आहे हो’ म्हणून माना डोलवायचे. पिकतं तिथे विकत नाही, ते हे असं. वडील त्या गर्दीत गप्प बसायचे आणि घरी आल्यावर मला म्हणायचे, “आधी माप घे, मग बोल.” माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात आलं. बाकीचं कॉलेजात फक्त इंग्रजीत पुन्हा ऐकलं.

त्या वर्षी आजोबा घर सोडून वृद्धांसाठीच्या लहान जागेत राहायला जाणार होते. तिथे बंदूक ठेवायची सोय नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी डोंगरापलीकडे वायरारापा भागात मेंढ्यांचं फार्म एकटीने चालवायची. सशांनी तिच्या कुरणाची चाळण केली होती, तिच्याकडे परवाना होता आणि तिला रायफल हवी होती. पण आजोबा अडले होते. ते रायफल घेऊन एका दुकानदाराकडे गेले होते. त्याने ती हातात घेतली, तिच्यावर कोरलेलं वर्कशॉपचं नाव वाचलं आणि परत दिली. म्हणाला, हिला येईल त्या किमतीत एक दिवसाच्या गोळ्याही होणार नाहीत.

मग ते माझ्याकडे आले. कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, “तू रोज लोकांच्या कामातल्या चुका काढतेस. एकदा माझी काढ. भंगार असेल तर पोलिसांकडे देऊन टाकतो, ते चेपून टाकतील. पोरीच्या हातात भंगार द्यायचं नाही मला.”

“आणि चांगली निघाली तर?”

“निघणार नाही,” ते म्हणाले. “पण निघाली तर तिची.”

मी शनिवार दिला. माझ्याकडे परवाना नसल्याने कायद्याने रायफल त्यांच्या नजरेआड ठेवता येत नव्हती, म्हणून त्यांनीही दिवसभर आमच्या गराजमध्ये बसायचं ठरलं. तो शनिवार खंडेनवमीचा होता, हे माझ्या लक्षात नव्हतं. आईच्या होतं.

इथे नवरात्र वसंतात येतं, ही गोष्ट आईला शेवटपर्यंत पटली नाही. झेंडू नाही, आपट्याचं पान नाही, आणि बाहेर वारा असा की रांगोळी घालावी तर शेजारच्या दारात पडेल. पण तिने हार मानली नव्हती. रस्त्यावरच्या कोफाईच्या झाडाखाली पडलेली पिवळी फुलं तिने ओच्यात भरून आणली होती. मी गराजमध्ये गेले तेव्हा माझ्या कामाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर तिने धुतलेली चादर अंथरली होती, आणि तिच्यावर माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज, विळी, कात्री आणि जावयाचा लॅपटॉप अशी सगळी मंडळी रांगेत बसवली होती.

आजोबा आले. आल्याआल्या त्यांनी रायफल उघडून रिकामी असल्याचं मला दाखवलं आणि मग टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर, वर्तमानपत्रावर, तिचे सुटे भाग मांडले. नळी, लाकडी दस्ता, चाप आणि बोल्ट. सेमी-ऑटोमॅटिकचा जीव या बोल्टमध्ये असतो, हे त्यांनी मला समजावलं. चाप ओढला की एक गोळी सुटते, तिच्या धक्क्याने हा पोलादी ठोकळा मागे येतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे जाताना नवीन गोळी नळीत बसवतो. दर गोळीला एकदा मागे, एकदा पुढे. आणि नेम धरणाऱ्याचा गाल तिथून जेमतेम वीतभर लांब असतो.

मी कामाला लागले. आधी तक्रारी सांगते. दस्त्याचं लाकूड बेताचं होतं, चापाभोवतीची पट्टी साध्या पत्र्याची होती, आणि नेम धरायची खूण तर कोणीतरी सुट्टीच्या आदल्या दिवशी बसवावी तशी होती. दिखाऊपणाच्या बाबतीत दुकानदाराचं बरोबर होतं. पण मी दिखाऊपणाचा पगार घेत नाही. मी नळीची आतली बाजू पाहिली, बोल्ट ज्या खाचेत सरकतो तिथली झीज मोजली, बोल्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठिकठिकाणी मापला. इतकी वर्षं मागेपुढे आदळलेला ठोकळा, पण सगळीकडे माप एकसारखं. दोन-तीनदा मला वाटलं की मीच चुकतेय, म्हणून पुन्हा मोजलं. मी चुकत नव्हते.

मग मी माझी नेहमीची युक्ती केली. वस्तू कशी आहे हे कळायला तिची न दिसणारी बाजू बघावी. लाकडाखाली झाकली जाणारी, कोणी गिऱ्हाईक कधी उघडून बघणार नाही अशी जागा. तिथेही कानसेने हात फिरवलेला होता, धार मोडलेली होती, आतले कोपरे गोलसर ठेवलेले होते. पोलादात आतला कोपरा टोकदार ठेवला की ताण तिथे गोळा होतो आणि एक दिवस तिथूनच चिरतं. हे माहीत असणारे पुष्कळ असतात, पण झाकलेल्या जागी कष्ट घेणारे थोडे. हे पाहून मला फार आनंद झाला. परदेशात, कोणाच्या तरी जुन्या बंदुकीत, माझ्या वडिलांसारखं काम भेटलं होतं.

आजोबा स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. “बोल,” ते म्हणाले.

“अजून नाही,” मी म्हटलं. मी निकाल अर्धवट देत नाही. तडा तपासायचा राहिला होता, आणि तडा मायक्रोमीटरला दिसत नाही. त्यासाठी लाल डाय लागतो. तो पातळ रंग वस्तूवर लावून मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर आत शिरलेला रंग पावडरीत उमटतो. आमच्या वर्कशॉपमध्ये त्याचे कॅन होते आणि मी सोमवारी एक आणणार होते.

आईने सोमवारची वाट पाहिली नाही. ती पूजेचं ताट घेऊन आली आणि आधी माझ्या हत्यारांवरून फिरली. मायक्रोमीटरला लावायचं नाही, फक्त डबीला, हा आमचा जुना तह होता. तो तिने पाळला. लॅपटॉपला एक बोट लावलं. मग ती वर्तमानपत्राकडे वळली.

“आई, ते आपलं नाही.”

“हत्यार आहे ना? मग आज त्याचाही मान आहे,” ती म्हणाली. “आणि ते आजोबा इथेच बसलेत, त्यांना विचार की.”

मी विचारलं. आजोबा उठून उभेच राहिले. “प्लीज,” म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

एक सांगायला हवं. आई हत्यारांना लावायचं कुंकू पाण्यात कालवत नाही. लोखंडाला पाणी दाखवायचं नाही, ही वडिलांची शिस्त. त्यांच्या कारखान्यात खंडेनवमीला लेथची पूजा व्हायची तेव्हा कुंकू मशीनच्या पातळ तेलात कालवत, म्हणजे गंज धरत नाही. वडील गेले तरी आईने ती पद्धत सोडली नव्हती. माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली तिने आधीच शोधून ठेवली होती. तिने नळीला बोट लावलं, दस्त्याला लावलं, आणि बोल्टला मात्र चांगलं अंगठाभर फासलं. “सगळं काम तूच करतोस म्हणे ना रे बाबा,” असं त्याच्याशीच बोलली. वर अक्षता, कोफाईचं फूल. आजोबांनी आमचं बघून हात जोडले.

मग नैवेद्याचा शिरा आला. आजोबांना रायफल सोडून आत येता येत नव्हतं, म्हणून आम्हीही गराजमध्येच बसून शिरा खाल्ला, चहा प्यायलो. त्यांनी विचारलं, हे लाल कशासाठी. मी सांगितलं, हत्याराचे आभार मानायचे, आणि त्याने आपला घात करू नये म्हणून सांगायचं. “फेअर इनफ,” ते म्हणाले आणि शिरा आणखी मागितला.

बशा उचलल्यावर त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि अदबीने एकेक भाग पुसायला घेतला. नळी स्वच्छ झाली. दस्ता झाला. बोल्ट त्यांनी पुसला, पुन्हा पुसला, आणि मग डोळ्यांजवळ नेला.

“याचा डाग जात नाहीये,” ते म्हणाले.

मी तो हातात घेऊन उजेडात फिरवला. डाग नव्हता तो. केसासारखी बारीक लाल रेघ होती, एका खाचेच्या कोपऱ्यापासून निघून खाली उतरलेली. मी आईला म्हटलं, रांगोळी आण. पांढरी, रंगीत नको. तिने डबा आणला. मी चिमूटभर रांगोळी कापडातून गाळून बोल्टवर भुरभुरली आणि आम्ही तिघं वाट बघत उभे राहिलो. रेघ हळूहळू पांढऱ्यात वर आली, ओठावर रक्त यावं तशी. आईचं कुंकू आणि आईचीच रांगोळी. सोमवारी मी जे करणार होते ते सगळं झालं होतं.

“तडा आहे,” मी म्हटलं. “खोल आहे. ही उडवायची नाही. तुम्ही नाही, तुमच्या मुलीने तर नाहीच.”

आजोबा खाली बसले. म्हणाले, “म्हणजे दुकानदाराचं खरं. आमचा माल तसाच.” आणि ते त्यांचं ठरलेलं हसू हसले.

पण मी अजून रेघेकडेच बघत होते. ती जिथून निघाली होती तो, आधी माझ्या नजरेतून सुटलेला कोपरा टोकदार होता. बोल्टचे बाकी सगळे आतले कोपरे गोल, आणि हा एकच चाकूने कापल्यासारखा. मी भिंग लावलं. खाच मूळची होती, पण नंतर कोणीतरी ती ग्राइंडरने रुंद केली होती. घासल्याच्या खुणाही वेगळ्या दिशेला होत्या.

“हा हात वेगळा आहे,” मी म्हटलं. “ज्याने बोल्ट बनवला त्याने ही खाच वाढवलेली नाही. इथे कोणी काय केलंय?”

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग म्हणाले, “मीच.” त्या खाचेत एक लहान आकडी बसते, रिकामं काडतूस ओढून काढणारी. मूळची आकडी उत्तम चालत होती. पण वर्कशॉप बंद पडल्यावर सगळे मित्र अमेरिकन रायफली दाखवायचे, हसायचे. म्हणून त्यांनी एक अमेरिकन आकडी मागवली. ती मोठी होती, बसेना. मग एका रविवारी ग्राइंडर घेतला आणि खाच वाढवली. “वाटलं, निदान एक तरी भाग चांगला असेल तिच्यात.”

मला भयंकर राग आला. त्यांच्या वयाचा मान ठेवायला हवा होता, पण नाही ठेवला. मी म्हटलं, “तुमच्या वर्कशॉपने हा बोल्ट असा बनवला होता की तुमच्या नातवंडांनाही पुरला असता. मी मोजलाय. मी रोज मोजते, आणि असं काम मला रोज दिसत नाही. तो मोडला तो तुमच्या लाजेपायी. भंगार यात एकच गोष्ट आहे, आणि ती तुम्ही पैसे देऊन बाहेरून आणलीत.”

आईला इंग्रजी कळलं नाही, पण सूर कळला. “अगं, हळू,” ती म्हणाली. “पाहुणे आहेत.”

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी बोल्ट माझ्या हातातून घेतला. मग उठले, तो माझ्या टेबलाच्या व्हाइसच्या पकडीत आवळला आणि माझ्याकडे हातोडी मागितली. “नाहीतर कोणीतरी हा परत बसवेल,” ते म्हणाले. “मी नसताना.” मी हातोडी दिली. त्यांनी टोपी सारखी केली आणि एकच घाव घातला. बोल्ट मोडला.

मोडलेली बाजू त्यांनी दिव्याखाली धरली. ज्या भागात पोलाद आत्ता तुटलं होतं तिथे ते साखरेसारखं चमकत होतं. उरलेला भाग, अर्ध्याहून कितीतरी जास्त, लाल होता. कुंकू जिथपर्यंत पोचलं होतं तिथपर्यंत तो आधीच तुटलेला होता. फार तर एक हंगाम टिकला असता. आणि तो हंगाम मुलीच्या गालाजवळ गेला असता, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. त्यांनी दोन्ही तुकडे वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. मी दुसरीकडे बघितलं.

आईने विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. तिने फक्त बोल्टला आणि मग आजोबांना नमस्कार केला, आणि आत जाऊन चहा टाकला.

आजोबांनी आमच्याच फोनवरून मुलीला फोन लावला. मी बाहेर जायला निघाले तर त्यांनी हाताने थांब म्हटलं. इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “रायफल तपासून घेतली. आमची रायफल चांगली होती. मी बिघडवली.” मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला, तिला तुझ्याशी बोलायचंय म्हणाले.

मला वाटलं, ती बोल्टबद्दल विचारेल. दुरुस्त होईल का, दुसरा मिळेल का. मी उत्तरं तयार ठेवली होती.

“ते म्हणतायत ते खरं आहे?” तिने विचारलं.

“दोन्ही खरं आहे,” मी म्हटलं. “बिघडवली त्यांनीच. आणि होती उत्तम.”

“मग आणू दे त्यांना, बोल्टशिवाय आणू दे,” ती म्हणाली. “सशांचं मी बघेन. स्वयंपाकघरात भिंतीवर लावते ती. आमची रायफल चांगली होती, हे त्यांच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं.”